पुरावेकाका

रिक्षातून उतरल्यावर मीटरचा फोटो काढणारे, वाण्याने परत दिलेल्या नोटेचा नंबर वहीत टिपून ठेवणारे आणि देवळातल्या पेटीत शंभराची नोट टाकताना शेजारच्या अनोळखी माणसाला “बघितलंत ना?” असं विचारणारे एक गृहस्थ आमच्या कोथरूडच्या सोसायटीत राहतात. त्यांना सगळे पुरावेकाका म्हणतात. खरं नाव मी देत नाही. दिलं, तर ते नाव त्यांचंच कशावरून, असं पहिल्यांदा तेच विचारतील.

नवीन बिऱ्हाडांना वाटतं, की काका संशयी आहेत. हे काही खरं नाही. काका कुणावरही संशय घेत नाहीत. दुसरा आपल्यावर घेणार, याची मात्र त्यांना पक्की खात्री असते. आणि या खात्रीला कारण आहे.

काका लक्ष्मी रस्त्याजवळच्या एका सहकारी बँकेत कॅशियर होते. ही नोकरी बाहेरून वाटते तितकी साधी नाही. सकाळी आल्या आल्या आपल्या खिशात स्वतःचे किती पैसे आहेत ते एका वहीत लिहायचं आणि खाली सही ठोकायची. एसटीच्या कंडक्टरलाही आपली खाजगी रोकड अशीच नोंदवावी लागते. म्हणजे दिवसाची सुरुवातच ‘मी चोर नाही’ या अर्थाच्या सहीने. मग दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजायचे आणि संध्याकाळी कॅश जुळवायची. कमी भरली तर पदरची घालायची. जास्त भरली तर ती बँकेच्या खात्यात जाणार, आपल्या घरी नाही. दोन्हीकडून आपलंच मरण.

काकांच्या डोक्यावरच्या भिंतीला गांधीजींच्या फोटोसकट ती सुप्रसिद्ध चौकट लटकत होती: ग्राहक हाच आमच्याकडे येणारा सर्वांत मोठा माणूस, तो आमच्यावर अवलंबून नाही, आम्हीच त्याच्यावर, वगैरे. देशातल्या असंख्य बँकांत आणि पोस्टांत ही चौकट लागली. आता मौज अशी, की गांधीजींनी हे कधी म्हटल्याचा धड पुरावा शोधणाऱ्यांना मिळालेला नाही. काकांना हे निवृत्तीनंतर कळलं. तेव्हा ते इतके हळवे झाले, की दोन ऑक्टोबरला सोसायटीच्या नोटीस बोर्डावर त्यांनी गांधीजींच्या वतीने एक पानी खुलासा लावला.

मूळ प्रकरण ऐंशीच्या दशकाच्या अखेरचं. लग्नसराई होती. शनिवार पेठेतले एक निवृत्त मामलेदार मुलीच्या लग्नासाठी पाच हजार रुपये काढायला आले. काकांनी पन्नासाच्या शंभर नोटांची एक गड्डी घेतली. तेव्हा गड्ड्यांना पिना मारलेल्या असत. २००१ साली रिझर्व्ह बँकेने ते बंद करायला लावलं, पण तोवर कितीतरी कॅशियरांची नखं त्या पिनांनी खाल्ली होती. काकांनी पिना उचकटल्या, नोटा दोनदा मोजल्या आणि खिडकीतून पुढे सरकवल्या. खिडकीवर पाटी होती, की पैसे इथेच मोजून घ्यावेत, मागाहून तक्रार चालणार नाही. मामलेदारांनी पाटी वाचली, तिच्यातली ऱ्हस्वदीर्घाची चूक काकांच्या निदर्शनास आणून दिली आणि पैसे न मोजता ते निघून गेले.

दीड तासाने परत आले ते दारातूनच ओरडत. “पाचशे रुपये कमी आहेत!” काका काही बोलणार, एवढ्यात दुसरं वाक्य आलं. “तुम्ही मोजत होतात तेव्हा तुमची करंगळी हलली. मी या डोळ्यांनी पाहिली!”

बँकेत त्या क्षणी जेवढी माणसं होती, शिपायापासून टोकन घेऊन बसलेल्या आजीबाईंपर्यंत, त्या सगळ्यांनी काकांच्या करंगळीकडे पाहिलं. आणि अशा वेळी व्हायचं तेच झालं. ती हलली.

मॅनेजर तरुण होता आणि घाबरट होता. त्याने मामलेदारांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि वर कोरे फुलस्केप कागद दिले. मामलेदाराच्या हाती कोरा फुलस्केप द्यायचा म्हणजे काय, याची त्याला कल्पना नसावी. “सदर रोखपाल नोटा मोजत असताना त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीची हालचाल संशयास्पद आढळून आली,” इथपासून सुरुवात होऊन तक्रार तिसऱ्या पानावर संपली. प्रती माहितीसाठी बँकेच्या अध्यक्षांना, एका दैनिकाच्या पत्रव्यवहाराला आणि ग्राहक पंचायतीला. पुण्यातल्या ग्राहकाला जागं करायची गरज तेव्हाही नव्हती. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत इथेच, १९७४ साली सुरू केली होती. दिल्लीला ग्राहक संरक्षण कायदा करायला १९८६ उजाडलं.

इकडे काकांनी खिडकी बंद केली आणि तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, कॅश मोजायला घेतली. हा त्यांचा पहिला शहाणपणा. मामलेदारांना खरोखर पाचशे कमी गेले असतील, तर पेटीत पाचशे जास्त निघायला हवेत. पेटी पैशापैशाला जुळली. मॅनेजरने सुस्कारा सोडला. मामलेदार शांतपणे म्हणाले, “जुळणारच. चोराचा हिशेब नेहमी जुळतो.”

या युक्तिवादापुढे काय बोलणार? जुळली नसती तर काका चोर, जुळली म्हणून हुशार चोर. मग खिसा तपासला. सकाळच्या नोंदीत सात रुपये चाळीस पैसे, खिशात सहा रुपये नव्वद. पन्नास पैशांचा फरक! मामलेदारांचे डोळे चमकले. शेवटी समोरच्या अमृततुल्यातल्या पोऱ्याला साक्षीला बोलवावं लागलं, की साहेबांनी अकरा वाजता कटिंग घेतला होता.

दोन दिवसांनी उलगडा झाला. बँकेतून निघाल्यावर मामलेदार लक्ष्मी रस्त्यावरच एका साडीच्या दुकानात शिरले होते आणि शालूसाठी पाचशे रुपये बयाणा देऊन आले होते. पावती छत्रीच्या घडीत सापडली. मामलेदार बँकेत आले. काकांकडे न पाहता मॅनेजरला त्यांनी एक चिठ्ठी दिली. “रकमेचा उलगडा झाला असल्याने तक्रार मागे घेत आहे. करंगळीबाबतचे निरीक्षण मात्र कायम आहे.”

पुण्यात माफी मागणं सोपं नाही, हे मान्य. पण याच पुण्यात गोखल्यांनी ते करून दाखवलं होतं. १८९७ साली विलायतेत असताना त्यांनी, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर, प्लेगच्या बंदोबस्तातल्या गोऱ्या सैनिकांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणी नाव द्यायला तयार होईना. सैनिक कसे वागत होते ते सगळं शहर पाहत होतं, पण पाहणं वेगळं आणि साक्षीला उभं राहणं वेगळं. गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली आणि पुढे कितीतरी वर्षं त्याबद्दल आपल्याच लोकांची बोलणी खाल्ली. काका ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणतात. “पत्रं लिहिणारे गप्प. माफी मागणारा एकटा. आणि आमचे मामलेदार! गोखल्यांवरची व्याख्यानं पहिल्या रांगेत बसून ऐकायचे हो.”

पण काकांना खरी जखम केली ती मॅनेजरने. सगळ्यांनाच खूश ठेवावं म्हणून त्याने काकांना एक मेमो दिला: “ग्राहकांसमोर नोटा मोजताना अनावश्यक हालचाली टाळाव्यात, अशी आपणांस समज देण्यात येत आहे.” मामलेदारांची तक्रार गेली, चिठ्ठीही गेली, काकांच्या फायलीत राहिली ती समज. निर्दोष सुटलेल्या माणसाला जामिनावर असल्यासारखं वागायला लावायचं, ही कला आपल्या कचेऱ्यांनी फारच वाढवली आहे.

त्या दिवसापासून काका पुरावेकाका झाले. लवकरच त्यांची कीर्ती पसरली आणि पेठांमधून खोटा आळ आलेली माणसं खुलासा लिहून घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागली. सुट्टे परत दिले नाहीत म्हणून नाव गेलेला बस कंडक्टर, अरेरावीने बोलला म्हणून मेमो मिळालेला पोस्टातला कारकून, कापड कमी मोजलं म्हणून मालकाने झापलेला दुकानातला नोकर. काका आधी त्याला चहा पाजत आणि मग तासभर नुसतं बोलू देत. अन्याय झालेल्या माणसाला आधी मामलेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा असतो, आणि ते एकदा उरकलं, की मगच त्याला तारीख-वार आठवायला लागतं, असं त्यांचं निरीक्षण. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या प्रकरणातला मामलेदार असतोच.

खुलासा एका पानाचा. त्यात ‘सदर ग्राहक खोटारडे आहेत’ हे वाक्य काका काही केल्या लिहू देत नसत. “ते खोटं बोलले हे तुला सिद्ध करावं लागेल. तू काय केलंस तेवढंच लिही.” गॅसच्या टाकीत गॅस कमी भरला, असा आळ आलेल्या पोराला त्यांनी खुलासाच लिहू दिला नाही. टाकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, आत गॅस चौदा किलो दोनशे ग्रॅम. काटा घेऊन जा, तक्रार करणाऱ्या बाईंच्या समोर वजन कर, आणि तोंडातून चकार शब्द काढू नकोस. पोरगं गेलं, वजन केलं, भरलं. बाई म्हणाल्या, काटा खोटा आहे. काकांनी दुसऱ्या दिवशी त्याला बाईंच्या ओळखीच्या रद्दीवाल्याचा काटा घेऊन पाठवलं. रद्दीवाल्याच्या काट्याने वजन जास्त दाखवलं, असं आजवर पुण्यात घडलेलं नाही. त्या काट्यावरही टाकी भरली, तेव्हा बाई निरुत्तर झाल्या.

एवढं असून जुन्या, १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम २६ त्यांनी एकदाही कुणावर उगारलं नाही. पोकळ किंवा नुसती त्रास देण्यासाठी केलेली तक्रार निघाली, तर तक्रारदाराला दहा हजारांपर्यंत भुर्दंड, असं ते कलम. काकांना ते पाठ. मी विचारलं, का नाही वापरलंत? म्हणाले, “शंभरातले नव्वद ग्राहक खरं बोलत असतात हो. दहांच्या धाकाने त्या नव्वदांची तोंडं बंद व्हायची.” ज्याची करंगळी अजून फायलीत आहे त्याच्या तोंडी हे ऐकून मी गप्प बसलो.

घरी मात्र काकांची डाळ शिजत नाही. साखरेचा आजार असल्याने काकूंनी बाकरवडी बंद केली आहे. आणली जाते ती पाहुण्यांसाठी. एकदा काकू म्हणाल्या, “तुम्ही डब्यातल्या खाल्ल्यात.” काका सवयीने म्हणाले, “लेखी द्या.” काकूंनी कालनिर्णयच्या मागे लेखी दिलं. मग काका म्हणाले, “पुरावा?” तेव्हा काकूंनी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. रोज रात्रीची शिल्लक तारीखवार, खाली सही. कॅश पाचने कमी होती. काकांवर आयुष्यात झालेला हा एकच खरा आरोप, आणि तो त्यांच्याच पद्धतीने शाबीत झाला. त्यांनी पदरच्या पैशांनी पाव किलो आणून तूट भरली.

गेल्या पावसाळ्यात मात्र काका हरले. सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा मोटारसायकलवर जेवण पोचवतो. एके दिवशी त्याचं खातं बंद झालं. कारण काय, तर आमच्याच भागातल्या एका ग्राहकाने ‘मिसळ मिळालीच नाही’ असं कळवून पैसे परत घेतले होते. मुलगा म्हणाला, “काका, मी चौथ्या मजल्यावर हातात दिली. सर ‘थँक यू’ पण म्हणाले.”

काकांनी चष्मा पुसला. कॅश मोजून दाखवू म्हटलं, तर पेटीच नाही. साक्षीदार म्हणावा, तर लिफ्ट. मॅनेजरकडे जाऊ म्हटलं, तर मॅनेजर कुठे बसतो हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं नोकरी करून त्याने साहेब म्हणून माणूस पाहिलेलाच नव्हता. तरी काकांनी खुलासा लिहायला घेतला. ‘प्रति, माननीय’ एवढं लिहून पेन थांबलं. पुढे काय लिहायचं? मुलाने फोनवर चौकट उघडून दाखवली. तक्रार करणाऱ्याला तीन वेळा बोट टेकवलं की झालं. उत्तर देणाऱ्याला इंग्रजीत, दोनशे अक्षरांत, तेही चोवीस तासांच्या आत. काकांचा नुसता मायनाच दोनशे अक्षरांचा असतो. अखेर त्यांनी ‘प्रति, माननीय संगणक साहेब’ असं लिहून फुलस्केप कागदावर खुलासा पूर्ण केला, त्याचा फोटो काढून पाठवला आणि पोच मागितली. पोच आली नाही. उलट, ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ असं विचारणारा निरोप आला.

आठ दिवसांनी खातं आपोआप चालू झालं. का बंद झालं होतं आणि का चालू झालं, हे कुणी कळवलं नाही. मुलगा खूश. काका मात्र ही फाईल बंद करायला तयार नाहीत. त्यात अजून एक कागद कमी आहे, म्हणतात. म्हणून त्यांच्या विनंतीवरून इथे जाहीर करतो: चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या ज्या सद्गृहस्थांनी त्या दिवशी मिळाली नाही म्हणून कळवलेली मिसळ खाल्ली, त्यांनी तसं लिहून सोसायटीच्या कार्यालयात आणून द्यावं. नाव घातलं नाही तरी चालेल. पाव किती होते तेवढं मात्र लिहावं, फायलीला लागतं. तोंडी चालणार नाही.