चट्ट्यापट्ट्याची पँट आणि काकूंचं कोर्ट

आमच्या आणि हवालदार काकूंच्या मधलं तारेचं कुंपण जेमतेम कमरेएवढं आहे. त्यावर दोन्ही घरचे कपडे वाळतात आणि वाघापुरातल्या अर्ध्या बातम्या त्याच तारेवरून पार होतात. रविवारी सकाळी तिथे नवीकोरी मिलिटरी छापाची पँट लटकलेली दिसली. बाजूला तसलाच शर्ट आणि तसलीच टोपी.

"काकू, काकांना पलटणीनं परत बोलावलं की काय?"

"त्याईले कोन बोलावते आता, मॅडम! उठता-बसता गुडघे वाजते. हे आमच्या नातवाचं हाय. पुढच्या हप्त्यात नागपूरले नेमबाजीच्या शिबिराले जाऊन रायला ना थो. बाजारातून घेऊन आला. म्हने, आजी, रेंजवर असंच घालून जा लागते."

"मग काका काय म्हणाले?"

"काईच नाई म्हनले. थेच तर वाईट हाय. सकाळपासून तुळशीले तीनदा पानी घालून झालं."

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. गप्पा खऱ्या इथून सुरू होतात.

"मले एक सांगा, हा कपडा कायच्यासाठी काढला सरकारनं? झाडीत लपाले. समोरच्याले आपुन दिसू नाई म्हनून. अन् हे पोट्टे लोकाईनं पहावं म्हनून घालते! तिथं समोर कागद टांगला असते. त्या कागदाले डोये हाय का? थो याले पाहून पयून जाईन का?"

मला हसू आलं, पण शाळेतली सवय सुटत नाही. म्हटलं, "काकू, फॅशन आहे ती. गुन्हा थोडीच आहे?"

गुन्हा हा शब्द ऐकताच तुळशीपाशी पाठमोरे उभे असलेले काका वळले. "मॅडम, कायदा सरसकट बंदी करत नाही. बरोबर बोलता तुम्ही. जुन्या दंड संहितेत १४० कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते १६८ झालं. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं, या इराद्यानं जो तसला पोशाख घालतो, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. सगळं त्या इराद्यावर आहे."

"म्हणजे नातू सुटला."

"कोर्टातून सुटला. माझ्याकडून नाही."

काकांनी तांब्या खाली ठेवला. निवृत्तीनंतर दोन वर्षं ते एका ठिकाणी सुरक्षा पर्यवेक्षक होते, त्यामुळे पुढचा कायदाही त्यांना तोंडपाठ. "खासगी सिक्युरिटीवाल्यांसाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. गार्डानं फौजेसारखा नाहीतर पोलिसांसारखा गणवेश घातला, तर तो आणि एजन्सीचा मालक, दोघंही अडकतात. एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड. तिथं इरादा कोणी विचारत नाही. काहून? कारण गार्डाच्या हातात दांडा असते, बंदूक असते. लोक त्याचं ऐकते."

"अन् पठानकोटचं सांगा ना," काकू म्हणाल्या.

"२०१५ च्या जुलैत दीनानगर, २०१६ च्या जानेवारीत पठाणकोट. दोन्हीकडे आलेले अतिरेकी फौजी कपड्यात होते. पठाणकोटनंतर लष्करानं लोकांना आवाहन केलं, असले कपडे घालू नका, दुकानदारांनो विकू नका. पुढे १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला नवा डिजिटल छाप आला, निफ्ट या फॅशन संस्थेच्या लोकांकडून बनवलेला. त्या छापाची लष्करानं रीतसर नोंदणी केली. दहा वर्षांचा हक्क, वर आणखी पाच वाढवता येतात. कोणी नक्कल करून विकला तर लष्कर कोर्टात खेचू शकते. ही पँट त्या छापाची नाही. हा कोण्या मुलकाचा छाप आहे, ते देवाले ठाऊक."

"म्हंजे पोट्ट्यानं पैसे देऊन परदेशी फौजेत नाव घातलं म्हना!" काकूंनी कपाळावर हात मारला.

मी मुद्दाम विषय वाढवला. "पण काका, आपल्याकडे अर्ध्या जिल्ह्याच्या अंगावर हेच कपडे आहेत. गवंडी, ट्रॅक्टरवाले, कापूस वेचणारे. स्वस्त मिळतात, मळ दिसत नाही. त्यांच्याही पँटी उतरवायच्या का?"

"छा! काहून उतरवाच्या?" उत्तर काकूंनी दिलं. "आमचा सालदार तसलीच टोपी घालते. त्याले पाहून कोनी सलाम ठोकते का? त्याच्या कमरेले कापसाची झोळी असते. तान्ह्या पोळ्याले लेकरं लाकडाचा बैल घेऊन शिपाई बनून येते, आपुनच त्याईच्या हातावर बोजारा ठेवतो. थे सोंग हाय हे साऱ्या गल्लीले ठाऊक असते. पन थोच कपडा घालून कोनी खरी बंदूक हातात धरली, मंग थे सोंग रायत नाई. लोकाईले समजलं पाह्यजे ना, हा कोन हाय म्हनून!"

हे बोलताना काकूंचा आवाज बदलला. त्यांचं माहेर राळेगाव तालुक्यातलं. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात तेरा माणसं गेली आणि त्याचा ठपका टी-वन वाघिणीवर, म्हणजे अवनीवर आला.

"भाऊ सांगे, रानात किती परकारची मानसं फिरत होती. वनखात्याचे, बाहेरून बोलावलेले शिकारी, हत्ती आनले, कुत्रे आनले, डोक्यावर ड्रोन. त्यातला एक हत्ती साखळी तोडून पयाला अन् त्यानं एका बाईचा जीव घेतला. शेवटी २ नोव्हेंबरच्या राती बोराटीजवळ वाघिणीले गोळी घातली, थेही खासगी नेमबाजानं. मंग महिनोन् महिने चौकशी, कोनी कोठून मारली, बेशुद्धीची सुई आधी का गोळी आधी. त्या दिवसात भाऊ वावरात जाताना धाकट्याले हिरवा-मातकट शर्ट घालू देत नव्हता. तुरीत मानूस मानसाले दिसलं पाह्यजे, म्हने. ज्याच्या हातात बंदूक हाय थो तर पहिले दिसला पाह्यजे."

काका मान डोलावत होते. "रेंजवर पण तोच कायदा. फायरिंग पॉइंटवर कोण उभा आहे, कोण पुढे गेला, कोणाची बंदूक रिकामी आहे, हे रेंज ऑफिसरला एका नजरेत दिसलं पाहिजे. तिथं लपायचं कोणापासून? लपला तर मेला."

एवढ्यात खुद्द आरोपी दात घासत बाहेर आला. आजी, आजोबा आणि शेजारच्या मॅडम असं भरलेलं कोर्ट पाहून त्याचा ब्रश तोंडातच थांबला.

"आजी, मोबाइलवर सगळे असेच फोटो टाकतात."

"कोन सगळे? शूटर का फोटो काढनारे?"

मी म्हटलं, "तुझ्या सरांनी काही सांगितलं का कपड्यांचं?"

तो जरा घुटमळला. "ग्रुपवर नियम टाकले आहेत. आयएसएसएफच्या, म्हणजे जागतिक नेमबाजी महासंघाच्या, सामन्यात कॅमोफ्लाज चालत नाही. निळी जीन्स नाही, बिनबाह्यांचा टी-शर्ट नाही, फाटकी पँट नाही. पण मॅडम, ते सामन्यासाठी. सरावाला कोण पाहतं?"

"तूच म्हनला ना, आजी, रेंजवर असंच घालून जा लागते!" काकूंनी उलटतपासणी सुरू केली.

काकांनी मात्र शांतपणे विचारलं, "विजयकुमार माहीत आहे?"

"२०१२, लंडन. रॅपिड फायर पिस्तूल, रौप्य."

"तेव्हा तो सुभेदार होता. राज्यवर्धन राठोड?"

"२००४, अथेन्स. डबल ट्रॅप, रौप्य."

"तोही फौजेतला. ज्यांना हा कपडा सरकारनं दिला, ते ऑलिम्पिकच्या रेंजवर त्यात उतरले का? खेळाडूच्या कपड्यात उतरले. वर्दीचं काम वेगळं, तिथलं काम वेगळं. आणि तुझा तो कोल्हापूरकडचा?"

"स्वप्नील कुसाळे. कांबळवाडीचा. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, पन्नास मीटर थ्री पोझिशन, कांस्य."

"थो तर रेल्वेत तिकिटं पाहे," काकू मध्येच म्हणाल्या. "थो का काया कोट घालून नेम धरे?"

यावर नातवालाही हसू आवरलं नाही. त्याने स्वतःच मोबाइल काढून पॅरिसचाच एक फोटो दाखवला. तुर्कस्तानचा युसुफ डिकेच, एक्कावन्न वर्षांचा, साधा टी-शर्ट, रोजचा चष्मा, एक हात खिशात. ज्या मिश्र पिस्तूल स्पर्धेत आपल्या मनू भाकर आणि सरबज्योत सिंगला कांस्य मिळालं, त्यात याच्या जोडीला रौप्य.

"हा पन फौजीच वाटते," काका म्हणाले.

"होय आबा. तिथल्या सशस्त्र दलातून निवृत्त झालेला आहे."

"बघ. अन् घालून काय आला? बनियनसारखा टी-शर्ट."

मी विचारलं, "मग रेंजवर लागतं तरी काय अंगात?"

आता पोराला खरा विषय सापडला. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, असं तो सांगू लागला. अंग हललं की गेला. म्हणून रायफलवाले कॅनव्हास-चामड्याचं ताठ जाकीट, तसलीच पँट, सपाट तळाचे बूट घालतात. सामन्यात त्याची जाडी आणि कडकपणा यंत्रावर मोजतात, जास्त भरलं तर वापरू देत नाहीत. हे सारं अंगाच्या मापानं शिवून घ्यावं लागतं.

"अन् केवढ्याले पडते थे?" काकूंनी विचारलं.

त्याने आकडा सांगितला. काकांनी खाली ठेवलेला तांब्या पुन्हा उचलला.

"अन् पिस्तूलवाल्याले?"

"त्याला जाकीट चालतच नाही, आजी. टी-शर्ट, पँट, बूट. दहाचा गोलही मोठा असतो, साडेअकरा मिलिमीटर."

काकूंनी हिशेब लावायला क्षणही घेतला नाही. "मंग बावा, पिस्तुलच शिक. गोल मोठा, खर्च लहान. अन् मॅडम, ते राहू द्या, कोपऱ्यावरल्या त्या नव्या भाडेकरूचं काय झालं म्हने? काल राती पोलिसाची गाडी कोनाकडे आली होती?"