तीनशे ल्युमेनची भाऊबंदकी

भिंतीला खेटून बसणारा अल्ट्रा शॉर्ट-थ्रो लेझर प्रोजेक्टर घ्यायचा म्हटलं की निवड बहुधा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत, दोन सख्ख्या भावांत येऊन अडते. पुष्कळदा दोघांच्या पोटात तीच ०.४७ इंची चिप. तिच्यावर चित्र घडवणारे इवलेसे आरसे १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम २१ लाख. त्यांचं चित्र चपळाईने चार जागी सरकवलं की ठिपके होतात ८३ लाख आणि खोक्यावर छापलं जातं ‘४के’.

एक २,५०० ल्युमेनचा, दुसरा २,८००चा. या तीनशेंपायी घरात रात्री जागवल्या जातात. डोळ्याला फरक कळेल न कळेल, खिशाला लगेच कळतो. लेझरचं आयुष्य म्हणे २५,००० तास. रोज चार तास पाहा, सतरा वर्षं! तोवर सॉफ्टवेअरचे अपडेट कोण पाठवणार, हा रकाना तुलनेच्या तक्त्यात नसतो.

आणि एवढा खल करून प्रकाश पाडायचा कुठे? पोपडे आलेल्या भिंतीवर. इतक्या तिरप्या कोनातून आलेला उजेड प्रत्येक उंचवटा इमानाने दाखवतो. नायिकेच्या गालावर गिलाव्याची खळी पडते.

दोघांतला स्वस्त तो घ्या. उरलेल्या पैशांत वरच्या दिव्यांचा उजेड अडवणारा पडदा बघा.