वाट ओरेगॉनची, बैल बावधनचे

तीर्थस्वरूप आजोबा व आजी यांना मिनिआपोलिस येथील कुटुंबाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

‘पोरगं शाळेच्या लॅपटॉपवर शिकतंय की नुसतं खेळतंय?’ या बावधनहून दर आठवड्याला येणाऱ्या पृच्छेचे खरे उत्तर ‘दोन्ही’ असे असले, तरी फोनवर ते टाळाटाळीसारखे ऐकू येते. म्हणून खुलासा लेखी सादर करण्यात येत आहे.

वर्गात संगणकीय खेळ वापरण्याची प्रथा अलीकडची नाही आणि तिचा एक महत्त्वाचा आरंभ याच शहरातला आहे. १९७१ साली डॉन रॉविच या प्रशिक्षणार्थी शिक्षकाने, बिल हाइनमन व पॉल डिलनबर्गर या गणित शिकवणाऱ्या दोन खोलीमित्रांच्या मदतीने, इतिहासाच्या तासासाठी ‘द ओरेगॉन ट्रेल’ हा खेळ रचला. ओरेगॉन ट्रेल म्हणजे मिसूरीतील इंडिपेन्डन्स गावापासून ओरेगॉनच्या सुपीक खोऱ्यापर्यंतची सुमारे २००० मैलांची वाट, जिच्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हजारो कुटुंबे बैल जुंपलेल्या गाड्यांतून पश्चिमेकडे गेली. त्या पहिल्या खेळाला पडदा नव्हता. टेलिटाइप, म्हणजे दूरच्या संगणकाला फोनच्या तारेने जोडलेले टंकयंत्र, मुलांचे निर्णय तिकडे पोचवी आणि परिणाम कागदावर छापून देई. शिकार करायची तर बंदुकीच्या आवाजाचा शब्द झटपट व बिनचूक टंकावा लागे, त्यामुळे शुद्धलेखन कच्चे असणारा गाडीवान उपाशी राही. (शुद्धलेखनाच्या चुकांची एवढी कडक शिक्षा महाराष्ट्रातही कोणी दिली नसावी.)

चिरंजीव नातू जी खेळतात ती १९८५ची आवृत्ती. तीत खेळाडूने प्रथम व्यवसाय निवडायचा असतो : बोस्टनचा बँकवाला १६०० डॉलर घेऊन निघतो, ओहायोचा सुतार ८०० आणि इलिनॉयचा शेतकरी ४००; मात्र शेतकरी मुक्कामी पोचला तर त्याचे गुण तिप्पट धरले जातात. नातवाने अर्थातच बँकवाला निवडला. दुकानदार ४० डॉलरला एक याप्रमाणे किमान तीन बैलजोड्या घ्याव्यात असे सुचवत असताना त्याने एकच घेतली आणि काडतुसे मात्र भरपूर भरली. पुढे त्याने एका दिवसात रानरेड्यांचा संहार मांडला खरा. पण शिकारीतून गाडीपर्यंत १०० पौंडांपेक्षा अधिक मांस वाहून नेता येत नाही असा खेळाचा नियम असल्याने बाकीचे माळावर पडून राहिले.

येथे एक अप्रिय बाब नमूद करणे भाग आहे. सहप्रवाशांची नावे खेळाडूने द्यायची असतात आणि नातवाने प्रेमापोटी ती घरचीच दिली. परिणामी नावाड्याचे पैसे वाचवण्यासाठी भरल्या नदीत गाडी घातल्यावर आजोबा वाहून गेले, आणि वाटेवरील फोर्ट लॅरमी या ठाण्याच्या अलीकडे आजी आमांशाने निवर्तल्या. कबरीवर ‘पुरणपोळी छान करायची’ असे कोरावे, असे नातवाने ठरवले. आजींनी हे मनाला लावून घेऊ नये. दुसऱ्या खेपेस त्याने जोड्या वाढवल्या, नदीची खोली आधी पाहिली आणि आजींना ओरेगॉनपर्यंत सुखरूप नेले.

अशा खेळाला सिम्युलेशन म्हणतात : खऱ्या परिस्थितीचे नियम यंत्रात बसवून निर्णयाचे फळ लगेच दाखवणारी नक्कल. पाठ्यपुस्तकात ‘प्रवास खडतर होता’ हे वाक्य पाठ करता येते, तर येथे तो खडतर का होता हे स्वतःच्या चुकीमुळे कळते. याउलट ‘कहूट’ या २०१३ साली नॉर्वेत सुरू झालेल्या साधनात प्रश्न पडद्यावर येतो, मुले लाल त्रिकोण किंवा निळी चौकट दाबतात, आणि सहसा लवकर उत्तर देणाऱ्यास अधिक गुण मिळतात. ती, स्पष्टच सांगायचे तर, वाजंत्री लावलेली तोंडी परीक्षा आहे. उजळणीला ती बरी, परंतु विचार करायला थांबणारे मूल तीत मागे पडते.

मात्र सिम्युलेशन जे नियमात बसवत नाही, ते मुलाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. ज्यांच्या भूमीतून ही वाट गेली त्या मूलनिवासी जमातींची बाजू जुन्या आवृत्त्यांत जवळजवळ नव्हती, कारण खेळाडू नेहमी गाडीत बसलेला असे; २०२१च्या नव्या आवृत्तीसाठी मूलनिवासी इतिहासतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला, तो हीच उणीव भरून काढण्यासाठी. त्याचप्रमाणे बैलाला पत्री कधी मारावी, खांदा सुजला तर काय लावावे, थकलेली जोडी कशी ओळखावी, यासाठी १९८५च्या आवृत्तीत एकही बटण नाही. ज्या बावधन गावच्या जत्रेत बगाडाच्या गाड्याला रंगपंचमीस जोड्यांमागून जोड्या जुंपल्या जातात, त्या गावच्या नातवाने बैल म्हणजे पडद्यावरचे चार ठिपके समजावेत, हे कुटुंबाला पटलेले नाही.

तरी आजोबांनी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला, म्हणजे येथील शनिवारी रात्री आठला, व्हिडिओ कॉलवर बैलांविषयी तासभर बोलावे, आणि जमल्यास फोन गोठ्यात न्यावा. आजींनीही हजर राहावे. आपण हयात असल्याचे त्यांनी नातवाला समक्ष सांगणे आता आवश्यक झाले आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.