मेंबर

बॉस्टनला एमएस करायला आलेल्या मराठी मुलांच्या प्रत्येक घोळक्यात एक मेंबर असतो. त्याची निवडणूक होत नाही आणि त्याला पाडताही येत नाही. झिपकार या भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीचं सभासदत्व आणि मॅसॅच्युसेट्सचं लायसन्स या दोन गोष्टी ज्याच्याकडे, तो मेंबर. उरलेले चौघे प्रवासी. खरं तर या चौघांनाही मेंबर होण्यापासून कोणी अडवलेलं नाही. पण ‘लायसन्स काढायचंय यार’ हे वाक्य ते पहिल्या सेमिस्टरपासून पदवीदानापर्यंत म्हणत राहतात.

झिपकार जन्मली ती याच भागात. नदीपलीकडच्या केंब्रिजमध्ये, २००० साली, रॉबिन चेस आणि आंत्ये डॅनियलसन या दोन बायकांनी ती काढली. बर्लिनमध्ये लोक गाडी वाटून वापरतात हे पाहून त्यांना सुचलेलं. एरवी भाड्याची गाडी घ्यायला गेलं, की पंचविशीच्या आतल्या पोराकडे संशयाने बघतात आणि वर जादा पैसे लावतात. झिपकार विद्यापीठातल्या अठरा वर्षांच्या मुलालाही गाडी देते, तीही तासावर. पेट्रोल भाड्यातच, विमाही भाड्यातच. कॅम्पसच्या पार्किंगमध्ये गाडी उभी असते; फोनवर बटण दाबलं की दार उघडतं. २०१३ साली एव्हिसने ही कंपनी सुमारे ५० कोटी डॉलरना विकत घेतली. मेंबर हे अशा सुरात सांगतो, की त्यातले काही त्याच्याही खात्यावर आले असावेत.

पुण्यात असताना हा मुलगा कधी कुठे वेळेवर पोचल्याची नोंद नाही. ‘निघालो’ असा फोन तो अंथरुणातून करायचा. पण गाडी तासावर घ्यायची आणि उशीर झाला तर दंड, हे कळल्या दिवसापासून त्याच्या अंगात स्टेशनमास्तर संचारला. वॉल्थमच्या पटेल ब्रदर्सला जायचं म्हणजे आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर वेळापत्रक येतं. दुकानात पस्तीस मिनिटं. भाजीत दहा, डाळी-पीठं दहा, बाकी बिलाच्या रांगेत. नागपूरची मुलगी भेंडीचं एकेक टोक मोडून बघत असते, तर हा मागे उभा राहून घड्याळ पुढे करतो. कोल्हापूरचा गडी दोन कांदा-लसूण मसाले हातात धरून लाल कुठला जास्त याचा विचार करत असतो. ‘दोन्ही घे, पण चल!’ चितळ्यांच्या बाकरवडीपाशी मात्र मेंबर स्वतः सात मिनिटं रेंगाळतो. तो वेळ वेळापत्रकात धरलेलाच असतो.

गाडी फक्त मेंबरने चालवायची, हा कंपनीचा नियम त्याला वेदवाक्य वाटतो. त्याचं चालवणं हा वेगळा विषय आहे. मारुतीवर शिकलेला हात. इंडिकेटर द्यायला जातो आणि वायपर सुरू होतात. लख्ख उन्हात वायपर फिरवत डावीकडे वळणारी गाडी कॅम्पसवर दिसली, तर आत आपली माणसं आहेत असं खुशाल समजावं. स्टॉपच्या पाटीपाशी तर तो असा थांबतो, की मागच्याला गाडी बंद पडल्यासारखं वाटतं. पहिल्या ड्रायव्हिंग टेस्टला तो याच पाटीवर नापास झाला होता. चौकात चिटपाखरू नव्हतं, म्हणून नुसता वेग कमी करून पुढे गेला. आपल्याकडे याला सभ्यपणा म्हणतात.

साताऱ्याहून वडिलांचा फोन येतो तो नेमका गाडीत. तब्येत, अभ्यास, हवामान हे उरकून ते मुद्द्यावर येतात : ‘ॲव्हरेज किती देते?’ इथे मेंबर गडबडतो. पेट्रोलचं कार्ड गाडीतच ठेवलेलं असतं, पैसे कंपनी भरते. टाकी पाव तरी भरलेली ठेवून गाडी परत करायची, एवढंच. ॲव्हरेज काढणार कोण आणि कशाला? पलीकडे शांतता पसरते. पेट्रोल फुकट, ही गोष्ट वडिलांना मुलाने अमेरिकेत काहीतरी बेकायदा चालवल्यासारखी वाटते.

दसऱ्याला मेंबरची खरी परीक्षा असते. गाडी दोन तासांची, तरी तिची पूजा व्हायलाच हवी. ऑक्टोबरात न्यू इंग्लंडभर घरांच्या पायऱ्यांवर शेवंतीच्या कुंड्या मांडलेल्या असतात, त्यामुळे झेंडूची अडचण शेवंतीवर भागते. चाकाखाली लिंबू. कुंकू स्टिअरिंगला नको, डाग पडेल. कागदावर लावून तो कागद डॅशबोर्डवर. गाडी स्वच्छ परत करायची, हाही नियम आहे. नारळ शेजारच्या कठड्यावर फोडतात आणि एखादा अमेरिकन विद्यार्थी लांबून फोटो काढतो. आरती अर्ध्यात येते तेव्हा मेंबरच्या फोनवर ‘पंधरा मिनिटं उरली’ असा संदेश झळकतो. पुढची कडवी ज्या लयीत म्हटली जातात, ती ऐकून देवसुद्धा पट्टा बांधून बसला असेल.

१ सप्टेंबरला अर्ध्या बॉस्टनचे भाडेकरार एकाच दिवशी बदलतात. जाणारे लोक खुर्च्या, टेबलं, दिवे फुटपाथवर टाकून जातात. ऑल्स्टन भागात या दिवसाला चक्क ख्रिसमस म्हणतात. त्या दिवशी मेंबरला सकाळी सहापासून मागणी. पाच सीटच्या गाडीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि तीन माणसं कशी बसवायची, हे वडापच्या जीपमधून कॉलेजला गेलेल्यालाच जमतं. गादी मात्र तो घेत नाही. ढेकणांचा प्रश्न आहे, आणि उद्या त्या सीटवर कुणीतरी दुसरं बसणार, असं तो म्हणतो. इतका नागरी विचार त्याने पुण्यात कधी बोलून दाखवला नव्हता.

रात्री हिशेब. दोन तासांचं भाडं, टोल, भागिले पाच. खर्च वाटून देणारं स्प्लिटवाइज हे ॲपही शेजारच्याच प्रॉव्हिडन्स गावचं. मैत्री आणि पैसे दोन्ही सांभाळायची गरज या भागात फार असावी. मेंबर मागच्या मधल्या सीटवाल्याला दहा टक्के सूट देतो. कोल्हापूरच्या गड्याने एकदा ‘मी मसाला मांडीवर घेऊन बसलो, जागा कमी व्यापली’ असा दावा केला होता. फेटाळला गेला.

पुढे नोकरी लागते आणि मेंबर न्यू जर्सीला जातो. पहिल्या दोन पगारांत जुनी टोयोटा कोरोला घेतो. आता घड्याळ नाही, दंड नाही, गाडी दारात. मित्राने विमानतळावर सोडायला विचारलं, की म्हणतो, ‘उबर स्वस्त पडेल तुला.’ आणि रविवारी साताऱ्याला स्वतःहून फोन लावतो. गॅलनला ३० मैल म्हणजे लिटरला पावणेतेरा, हे त्याने कागदावर मांडून ठेवलेलं असतं.

‘पावणेतेरा?’ वडील म्हणतात. ‘आपली वॅगन आर बावीस देते. फसवलं रे तुला.’