विलंबमीमांसा

घरगुती आंतरजालाच्या संथपणाविषयी मराठी कुटुंबांत जी चर्चा होते ती बहुधा "नेट स्लो आहे" या तीन शब्दांत आटोपते, आणि या तीन शब्दांचा मुख्य दोष असा की दोन सर्वस्वी भिन्न दुखणी त्यांत एकाच नावाने नांदतात. पहिले दुखणे क्षमतेचे. एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते, या क्षमतेला बँडविड्थ म्हणतात आणि ती एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष बिट या हिशेबाने मोजतात. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० एमबीपीएसची जोडणी घेणाऱ्या गृहस्थाची फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटांहून जलद उतरत नाही, आणि आपण फसवले गेलो अशा समजुतीने तो तक्रारीचा क्रमांक फिरवू लागतो. दुसरे दुखणे विलंबाचे. एखादा छोटा निरोप पलीकडे पोचून त्याचे उत्तर परत येण्यास लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. खेळाडूंच्या बोलीत त्यालाच पिंग म्हणतात आणि त्याचे माप मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. रत्नागिरीच्या वाचकासाठी हा भेद हापूसच्या ट्रकावरून स्पष्ट करता येतो. पेट्यांनी भरलेला ट्रक रात्रीतून वाशीच्या बाजारात हजारो फळे नेऊन टाकतो, हे त्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे, परंतु "आज भाव काय फुटला?" एवढेच विचारून येण्यासाठी तोच ट्रक पाठवला, तर तो कितीही मोठा असला तरी उत्तर दुसऱ्या दिवशीच मिळणार. चित्रपट पाहणाऱ्यास मोठा ट्रक लागतो, तर ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यास लवकर परतणारा निरोप्या लागतो, कारण झाडलेल्या गोळीची वर्दी ही मूठभर बाइटांची असते.

हा भेद प्रस्तुत लेखकास पूर्णपणे अवगत होता. एवढेच नव्हे, तर तो इतरांना समजावून सांगण्याची एकही संधी त्याने दवडली नव्हती. असे असूनही बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, संक्षेपाने बीजीएमआय, या खेळात आपण वारंवार पाचव्या मिनिटाला मारले जातो असे ध्यानात आल्यावर त्याने पहिला उपाय कोणता केला, तर जोडणी ४० एमबीपीएसवरून १०० वर नेली, म्हणजेच भाव विचारायला जाणारा ट्रक अडीचपट मोठा केला, आणि नंतरही तो पाचव्याच मिनिटाला मारला जात राहिला.

या खेळाची ओळख तरुण वाचकांस नको आणि वयस्कांस ती पटणार नाही. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि अखेरीस जो संघ उरतो तो जिंकतो, एवढा त्याचा गाभा. पूर्वावतारावर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली, २ जुलै २०२१ रोजी तो नव्या नावाने परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा अंतर्धान पावला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा अवतरला. इतके पुनर्जन्म पुराणातल्या पात्रांनाही सहसा लाभत नाहीत. निवृत्त अध्यापक असून या बेटावर का उतरता असे विचारले असता, लेखक तरुणांच्या बोलीचा अभ्यास करीत असल्याचे सांगतो. वस्तुस्थिती अशी की डोंबिवलीस राहणारा त्याचा पुतण्या, जो एरवी गणपती व लग्नकार्य सोडून फोन करीत नाही, शनिवारी रात्री नऊ ते अकरा या वेळात त्याच्या संघात असतो आणि दोन तास सलग बोलतो. ते बोलणे प्रामुख्याने "काका, मागे बघा" या स्वरूपाचे असले तरी.

पिंग या शब्दाची व्युत्पत्ती येथे नोंदवणे अगत्याचे आहे. पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राचा ध्वनी जसा समोरच्या वस्तूवर आपटून परततो, तसा निरोप पाठवून प्रतिध्वनीची वाट पाहणारी एक लहानशी संगणकीय आज्ञावली माइक म्यूस या अभियंत्याने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली आणि तिला त्या ध्वनीचेच नाव दिले. म्यूस अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे बंदुकीतून सुटलेल्या गोळीचे पुढे काय होते याचा विचार करणाऱ्या संस्थेत नोकरीस होता, हा योगायोग लेखकास अर्थपूर्ण वाटतो, कारण आपल्या गोळीचे पुढे काय होते हे लेखकास आजतागायत उमगलेले नाही.

भौतिकशास्त्रास या प्रकरणी दोष देता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर धावतो. खेळाचा सर्व्हर मुंबईत आहे असे धरले आणि तेथून लेखकाच्या रत्नागिरीपर्यंतची तार साडेतीनशे किलोमीटरांची मानली, तर जाऊन-येऊन साडेतीन मिलिसेकंद पुरतात. वाटेतल्या यंत्रांचा वेळ त्यात मिळवून २५ ते ३५ हा आकडा पडद्यावर हिरव्या रंगात दिसावा, अशी रास्त अपेक्षा असते. लेखकाच्या पडद्यावर तो ३८० असे आणि तांबडा असे. विलंबाची सवय या गावाला जुनी आहे, हे मान्य केले पाहिजे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली रत्नागिरीस आणला गेला आणि त्याच्यासाठीचा राजवाडा पुरा झाला १९१० साली. तेथे जेमतेम सहा वर्षे काढून तो १९१६ मध्ये वारला. चोवीस वर्षांच्या या लेटन्सीपुढे ३८० मिलिसेकंदांची तक्रार करणे शोभत नाही, परंतु थिबाला निदान दर शनिवारी पाठीत गोळी खावी लागत नव्हती.

संशयाची सुई लेखकाने सर्वप्रथम घराकडे वळवली, आणि येथे जांभ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अपरिहार्य होते. ते अपरिहार्य नाही असे या निबंधाच्या पहिल्या वाचकाचे, म्हणजे लेखकाच्या पत्नीचे, मत पडले. ते विचारात घेऊन बाजूस ठेवले आहे. लेखकाचे घर चिरेबंदी आहे. चिरा म्हणजे जांभा दगडाचा खाणीतून घडवून काढलेला आयताकार तुकडा. जांभा खाणीत असताना मऊ असतो, कापता येतो, आणि हवा लागली की कठीण होत जातो. माणसांच्या बाबतीतही कोकणात हीच प्रक्रिया होते, असे बाहेरगावचे लोक म्हणतात. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने मलबारात अंगडिपुरमच्या आसपास लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तांतात त्याला लॅटराइट असे नाव दिले. म्हणजे मुळात विटेसारख्या दिसणाऱ्या दगडाला विद्वत्तेने वीटच म्हटले, आणि कोकणातला गवंडी बिचारा चिरा म्हणत राहिला. याच जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, उक्षी, कशेळी, बारसू अशा ठिकाणी प्राचीन मानवाने हत्ती, मासे व मनुष्याकृती कोरल्या आणि ती कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. राजापूर तालुक्यातील देवाचे गोठणे येथे तर कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई दिशा सोडते. हे वाचताच लेखकाने असा सिद्धान्त मांडला की ज्या दगडात होकायंत्र वाट चुकते त्यात वायफायने का चुकू नये, आणि या विषयावर चार पृष्ठांचे टिपणही केले. स्थिर चुंबकत्वाचा रेडिओलहरींच्या मार्गाशी असा संबंध नसतो, हे त्यास बारावीतल्या एका विद्यार्थिनीने सांगितले. टिपण अद्याप जपून ठेवलेले आहे.

त्या टिपणात एक गोष्ट मात्र खरी होती. वायफाय म्हणजे अखेर रेडिओलहरी; त्या बहुधा २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या असतात, आणि कंप्रता जितकी अधिक तितकी भिंतीतून पार होताना त्यांची दमछाक अधिक. जांभा सच्छिद्र असतो, आषाढात तो पाणी पितो, आणि ओली जाड भिंत लहरींना कोरडीपेक्षा जास्त गिळते. यावर उपाय सोपा होता. राउटर, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी घरभर वाटणारे यंत्र, खेळण्याच्या खोलीत आणावयाचे, किंवा तेथपर्यंत तार ओढावयाची. परंतु ते यंत्र पडवीत होते, कारण त्याचे चार हिरवे दिवे येणाऱ्या-जाणाऱ्यास दिसावेत अशी लेखकाची इच्छा होती. आणि खेळणे चाले ते माजघरामागच्या काळोख्या खोलीत, कारण निवृत्त अध्यापक बंदूक घेऊन गवतात लोळताना शेजाऱ्यांस दिसू नये अशीही त्याचीच इच्छा होती. ती खोली पूर्वी बाळंतिणीची होती. ज्या खोलीत या घराण्याच्या तीन पिढ्या जन्मल्या, तेथे लेखक एका रात्रीत सात वेळा मरत असे.

जोडणी पुरवणाऱ्याकडून येणारा मुलगा तीन वेळा येऊन गेला. आंब्यावरून विजेच्या खांबावर, खांबावरून माडावर अशी लोंबत आलेली तार माकडे झोके घेऊन सैल करतात, या लेखकाच्या तर्काला त्याने आदराने मान डोलावली, तारेचे टोक मापकात खुपसले आणि उणे १९ डीबीएम हा आकडा दाखवला. डीबीएम हे प्रकाशाच्या शक्तीचे माप असून उणे २७ च्या खाली गेल्यावर चिंता करावी, असा त्याचा व्यवहार. "लाइन क्लिअर आहे, सर. घरातलं वायफाय बघा," एवढे सांगून तो भर पावसात दुचाकी सुरू करू लागला, कारण त्यास दूरच्या एका वाडीत जावयाचे होते, जेथे झाड पडून सहा दिवस तार तुटलेली होती.

या ठिकाणी विनोद काहीसा अडखळतो. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या वाड्यांत खांब आडवे केले, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत गेले, आणि याच काळात शाळा फोनमध्ये भरत होती. रेंज मिळावी म्हणून मुले सड्यावर, डोंगराच्या धारेवर जाऊन बसत, आणि सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीसाठी भर पावसात डोंगरावर झोपडी उभारावी लागली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक केले. कौतुकाचा हा प्रकार लेखकास तेव्हाही खटकला होता. ज्या गोष्टीची एखाद्या समाजाला लाज वाटावयास हवी तिची जिद्दीची कथा करून छापली की टॉवर उभारण्याची घाई उरत नाही. सहा दिवस तुटलेल्या तारेकडे निघालेल्या मुलास आपण ३८० मिलिसेकंदांसाठी तिसऱ्यांदा बोलावले, हे लेखकाच्या लक्षात आले, पण ते दुचाकी वळणाआड गेल्यावर.

त्यानंतर प्रथमच त्याने जे सर्वांत आधी करावयाचे ते केले, म्हणजे फोनवरून मुंबईस नव्हे तर पडवीतल्या राउटरलाच पिंग पाठवला. या टप्प्यास दोन-तीन मिलिसेकंद लागावेत. दुपारी तेवढेच लागले. शनिवारी रात्री साडेनऊला लागले ३५०. म्हणजे निरोप मुंबईच्या वाटेवर नव्हे, तर माजघरातच अडकत होता, आणि तोही केवळ ठराविक वेळी.

या व्याधीस बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्याने सुमारे २०१० पासून तिच्याकडे लक्ष वेधले. वाट अरुंद असली की माहितीची पुडकी रांगेत थांबतात, आणि ज्या जागेत थांबतात ती जागा म्हणजे बफर. स्मृती स्वस्त झाल्यावर यंत्रे बनवणाऱ्यांनी ही जागा अफाट वाढवली, कारण पुडके फेकून देणे त्यांना पाप वाटले. कोकणी घराच्या माळ्याची हीच गोष्ट आहे. फुटका बंब, मोडका पाट, १९७८ सालची पंचांगे, यांतले काहीच टाकायचे नाही असे ठरले की हवी असलेली विळी शोधायला अर्धा दिवस जातो. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली कोडेल नावाची पद्धत मांडली, जी फार वेळ रेंगाळलेले पुडके निर्दयपणे टाकते. काही राउटरांत ती मिळते. परंतु लेखकाच्या बाबतीत प्रश्न असा होता की दर शनिवारी साडेनऊला, दोन ओल्या भिंतींनी अरुंद केलेल्या वाटेवर, एवढा माल चढवतो तरी कोण?

पत्नीच्या फोनवर संशय घेऊन झाला. ती त्या वेळी दूरदर्शनवर बातम्या पाहत असे. तपासाअंती जे आढळले ते येथे संक्षेपाने नोंदवले आहे. लेखक आपल्या प्रत्येक लढाईचे उच्च दर्जाचे चित्रीकरण करीत असे, कारण एखादा पराक्रम घडलाच तर तो पुराव्यानिशी जतन व्हावा. आणि त्याचा फोन पहिली लढाई संपताच ते चित्रीकरण आपण होऊन दूरच्या साठवणीकडे पाठवू लागे. दुसऱ्या लढाईतील गोळीची वर्दी पहिल्या लढाईतील मृत्यूच्या चित्रफितीमागे रांगेत उभी राहत होती. साठवणीत अशा एकशे बारा फिती मिळाल्या. पराक्रम एकही नव्हता.

फिती आपोआप पाठवण्याचे बटण बंद केल्यावर पुढच्या शनिवारी आकडा ३१ वर स्थिरावला, हिरवा, आणि लेखक चौथ्या मिनिटाला पडला. या खेळात पडलेला खेळाडू लगेच मरत नाही. सोबत्याने वेळेत येऊन उचलले तर वाचतो. कानात पुतण्याचा आवाज आला, "काका, तुमचं नेट गेलं वाटतं." लेखकाने पडद्यावरच्या हिरव्या आकड्याकडे पाहिले आणि आज जरा स्लोच असल्याचे सांगितले. "पडून राहा, हलू नका, मी येतोय," असे म्हणून तो सुरक्षित जागा सोडून उघड्या माळावरून धावत आला आणि काकापासून दहा पावलांवर मारला गेला. त्याचा पिंग त्या वेळी अठरा होता, हे त्यानेच नंतर हसत सांगितले.