हर्णेची सफारी

ताडोब्यात पाच फेऱ्या मारूनही वाघाची शेपटीसुद्धा न दिसलेले पुण्याचे एक काका दुर्बीण, मातकट टोपी आणि सात खिशांचं जाकीट अशा जामानिम्यासह फेब्रुवारीत हर्णे बंदरात उतरले. सोबत काकू होत्या.

"इथे जिप्सी कुठून सुटते?"

"होडी सुटते," तांडेल म्हणाला. "चप्पल हातात घ्या."

गुडघाभर पाण्यातून होडीकडे जाताना एक लाट आली आणि जाकिटाचे खालचे चार खिसे भरून गेली. होडी मध्यावर पोचली, तोच तांडेल ओरडला, "गादा, गादा!" काकांना भलताच शब्द ऐकू आला. ते जाब विचारायला मागे वळले, तेवढ्यात पुढे करडी पाठ वर येऊन पाण्यात गेली. गादा म्हणजे डॉल्फिन, हे त्यांना नंतर कळलं. काकूंनी दोन पाहिले होते.

सुवर्णदुर्ग किल्ल्यावर पहिलं कासव भेटलं. ते दगडाचं होतं, दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं. तटावर मारुतीही आहे. १७५५ साली कमोडोर जेम्सने हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या आणखी अकरा किल्ल्यांसोबत तो जागतिक वारसा यादीत घेतला. आत मात्र झाडोरा माजलेला. वाघाला साजेसं रान बघून काकांनी अर्धा तास श्वास रोखून टेहळणी केली. एक सरडा निघाला.

संध्याकाळी बंदरात मासळीचा लिलाव. ओल्या वाळूत टोपल्या, बर्फ, बोली लावणाऱ्यांचा गलका आणि डोक्यावर घारी. काका दुर्बिणीतून ब्राह्मणी घारीचं तपकिरी अंग आणि पांढरं डोकं न्याहाळत होते. खाली काकूंनी नुसत्या डोळ्यांनी सुरमई, हलवा, बांगडा आणि म्हाकूळ ओळखून सुरमईचा भावही पाडला होता.

पहाटे आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बघायला निघाले. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत शंभरएक अंडी घालते आणि मागे वळून न बघता निघून जाते. कुत्री, कोल्हे आणि भरती यांच्यापासून वाचवण्यासाठी ती अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यांत पुरतात. दीडदोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. कोकणात या कामाची सुरुवात झाली ती वेळासला, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून.

त्या पहाटे खड्ड्यावरची टोपली उचलली, तर खाली नुसती वाळू.

"आज काय नाय. संध्याकाळी बघा," कार्यकर्ता म्हणाला.

संध्याकाळीही नाही. काकांना ताडोबा आठवला.

दुसऱ्या पहाटे टोपलीखाली चौदा पिल्लं वळवळत होती, एकेक पुरणपोळीच्या गोळ्याएवढं. दोरीमागे शेदीडशे माणसं गप्प उभी. पहिलं पिल्लू लाटेपर्यंत पोचलं, लाटेने त्याला परत आणून टाकलं, ते पुन्हा निघालं. काकांच्या हातातली दुर्बीण तशीच राहिली. पिल्लू तीन हातांवर होतं.

जाणार असाल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, हाताशी दोन दिवस ठेवून जा. फ्लॅश बंद ठेवा, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. आणि चप्पल हातात घ्या.