नववी कोणाच्या हद्दीत?

अड्याळला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. भंडारा–पवनी रस्त्यावर दोन मोटरसायकली धडकल्या तर प्रकरण अड्याळचं की पवनीचं, हे तिथला हवालदार झोपेतही सांगेल. शिक्षण खात्यात ही सोय नाही. नववीतल्या पोराला मराठीचा साधा परिच्छेद वाचता येत नाही, हा प्रकार नेमका कोणाच्या हद्दीत घडला, याचा तपास वर्षानुवर्षं चालू आहे आणि प्रत्येक ठाणेदार फिर्यादीला पुढची चौकी दाखवतो आहे.

पहिली चौकी ‘निपुण भारत’ची. 2021च्या जुलैत ती उघडली. 2026-27पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता, लिहिता आणि हिशेब करता आला पाहिजे, असा तिचा फलक आहे. तिसरी ओलांडली की निपुणवाले नमस्कार करतात. पुढची चौकी शिक्षण हक्क कायद्याची, ती आठवीला कुलूप लावते. मध्यंतरी 2023मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली, नापासांसाठी पुनर्परीक्षाही ठेवली. पोरगं त्यातून वर कसं आलं, हे विचारू नका. आलं. दहावीच्या दारात बोर्ड उभंच आहे. मधली नववी मात्र बेवारस. तिला वारस एकच, शाळेचा दहावीचा निकाल. तो शंभर टक्के लागायचा असेल तर कच्च्या पोराला नववीतच अडवायचं किंवा हळूच 17 नंबरचा फॉर्म हातात द्यायचा. याला ‘गुणवत्ता राखणे’ म्हणतात.

तर असा एक नववीतला नायक आपण घेऊ. काल्पनिक आहे, म्हणून कुठल्याही विशिष्ट शाळेने मनाला लावून घेऊ नये. गाव अड्याळच्या आसपासचं, घरी दोन एकर धानाची बांधी, बाक शेवटचा. नाव नको. तसंही हजेरी घेतानाच काय ते त्याचं नाव निघतं.

या पोरासाठी सरकारने पैसा दिला नाही असं कोणी म्हणू नये. 2018पासून समग्र शिक्षा आहे, त्यात केंद्राचे साठ टक्के, राज्याचे चाळीस. पहिलीच्या आधीपासून बारावीपर्यंत सगळं तिच्या पोटात. शिवाय जागतिक बँक आहे. 2020च्या जूनमध्ये वॉशिंग्टनहून ‘स्टार्स’ प्रकल्पाला 50 कोटी डॉलर मंजूर झाले, सहा राज्यांसाठी, त्यात महाराष्ट्र. केंद्राने त्याच ऑक्टोबरात एकूण 5,718 कोटींच्या खर्चाला मान्यता दिली. कर्ज बाकी शहाण्या पद्धतीचं आहे: आधी निकाल दाखवा, मग पैसे घ्या. वाचून आनंद होतो. पुढे वाचलं की कळतं, मूल्यमापनाची व्यवस्था बळकट करणं हासुद्धा एक निकालच धरलेला आहे. म्हणजे पोरगं शिको न शिको, ते किती शिकलं नाही हे नीट मोजलं तरी काम फत्ते.

मोजणी मग जोरात सुरू झाली. नियतकालिक मूल्यांकन चाचणी, मास्तरांच्या तोंडी ‘पॅट’. पहिली वर्षाच्या सुरुवातीला, पुढची सत्र संपताना. भाषा, गणित, इंग्रजी. आधी तिसरी ते आठवी, पुढे नववीही आत. नववीला अखेर कोणीतरी जवळ केलं, तेही परीक्षेने! प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे येतात, गठ्ठे फुटतात, गुण पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरले जातात. वॉशिंग्टनहून निघालेला डॉलर मजल दरमजल करत आपल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो एक प्रश्नपत्रिका आणि एक लिंक होऊन. (नाव सारखं म्हणून वाटेत एखादा कागद चंद्रपूर जिल्ह्यातल्या अड्याळ टेकडीला दर्शन घेऊन येत असेल तर नकळे.)

यातली पहिली, म्हणजे पायाभूत चाचणी, येते जुलै-ऑगस्टात. मुंबई-पुण्याच्या पंचांगात तो पाऊस बघत भजी खायचा काळ. इथे तेव्हा रोवणी असते. पऱ्हे उपटून पेंढ्या बांधायच्या, चिखलात बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकायच्या, हे काम पोरांचं. नायकाच्या तीन दिवसांच्या चाचणीतला एक दिवस यात जातो. उरलेल्या दोन दिवसांत त्याचा ‘स्तर’ निश्चित होतो. बांधीत पाणी किती उरलं हे बघायला रोज एक साहेब काठी घेऊन यावा आणि मोटर चालू करायला कोणीच येऊ नये, तसा हा कारभार.

त्याच बांधीच्या धुऱ्यावर मात्र गंमत घडते. एकराच्या रोवणीचा हुंडा, म्हणजे ठोक ठेका, साडेचार हजारांना ठरलेला. बाया नऊ. संध्याकाळी बाया विचारतात, “का रे, किती किती आले?” पोरगं हातातल्या नोटा न मोजता सांगतं, “पाचपाचशे.” एक बाई दुपारी उठून गेली होती, तिची अर्धी रोजी कापून बाकीच्या आठजणींत वाटायचं गणितही ते तोंडी उरकतं, आणि उरलेल्या दोन रुपयांवरून भांडण होऊ नये म्हणून खर्‍याचा बेत सुचवतं. दुसऱ्या दिवशी वर्गात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं, तर वही कोरी. सरांनी खडसावलं तेव्हा म्हणालं, “येते जी मले. पर कागदावर नाही येत.”

हे खुद्द ‘नेचर’ नियतकालिकात 2025 साली छापून आलं आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणारी पोरं अवघड हिशेब चुटकीसरशी करतात आणि तोच हिशेब शाळेच्या पद्धतीने विचारला की गडबडतात. शाळेतल्या मुलांची गत उलटी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो अशी नोबेलवाली मंडळी त्या अभ्यासात होती. धुऱ्यावरच्या बायांनी हे फुकटात सांगितलं असतं, पण त्यांना चॅटबॉटची लिंक कोणी पाठवली नाही.

आता नायक एकटाच असता तर आपण ‘ढ’ म्हणून मोकळे झालो असतो. ‘असर’च्या 2023च्या अहवालाने तीही सोय ठेवली नाही. 14 ते 18 वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे पाव मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीचा मजकूर सफाईने वाचता येत नाही. वर सांगितलेला भागाकार जमतो तो जेमतेम 43 टक्क्यांना. मोबाइल मात्र जवळजवळ नव्वद टक्क्यांना वापरता येतो. 2025च्या एप्रिलात पॅटच्या प्रश्नपत्रिका यूट्यूबवर झळकल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा वाचनाची अट आपोआपच शिथिल झाली.

राज्यालाही उपाय सुचला आहे. 2024च्या अभ्यासक्रम आराखड्यात दहावीच्या गणित-विज्ञानात 35ऐवजी 20 गुणांना पुढे जाऊ देण्याची कल्पना होती, गुणपत्रिकेवर तसा शेरा मारून. पोराची उंची वाढत नसेल तर चौकट खाली आणावी, यात सुतारकाम तरी कमी लागतं. आणि यंत्रणेचं स्वतःचं गणित कच्चं आहे असं नागपूर विभागात तरी कोणी म्हणणार नाही. बनावट शालार्थ आयडीवर न शिकवणाऱ्यांचे पगार काढण्याची जी कला 2025मध्ये उघडकीला आली, तिला पुनर्परीक्षेची गरज नाही.

पण आमच्या नायकासाठी खरी तजवीज वेगळीच निघाली. 2022 ते 2027 अशी ‘उल्लास’ नावाची नवभारत साक्षरता योजना आहे, 1,037.90 कोटींची. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षराला शोधायचं, शिकवायचं, वाचन-लेखन-संख्याज्ञानाची परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचं. शोधायचं काम अर्थात मास्तरांकडे. 2023मध्ये शिक्षक संघटनांनी या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता: आम्हाला शिकवू द्या, म्हणून. वास्तविक त्यांनी घरोघर फिरायची गरजच नव्हती. शेवटच्या बाकावर बघितलं असतं तरी चाललं असतं. नायकाला या दिवाळीत, मंडईच्या जत्रेच्या सुमारास, पंधरा पूर्ण होतात!

समजा, मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांना फोन लावला.

“साहेब, नववीतला एक पोरगा उल्लासमध्ये घालता येईल का?”

“पटावर आहे का?”

“आहे जी.”

“मग तो साक्षर आहे, सर. पटावरचा निरक्षर पोर्टल घेत नाही.”

“पण त्याला वाचता येत नाही.”

“ते पॅटमध्ये दिसेल.”

“पॅटमध्ये दिसलं. तीनदा.”

“मग झालं की. नोंद आहे म्हणजे काम चालू आहे.”

मुख्याध्यापकांनी थोडा विचार केला. “दाखला दिला तर? शाळेबाहेर गेला की निरक्षर धरता येईल. आमचेच मास्तर त्याला संध्याकाळी शिकवतील, परीक्षा देईल, प्रमाणपत्रही मिळेल.”

“करता येईल,” केंद्रप्रमुख म्हणाले, “फक्त 30 सप्टेंबर उलटू द्या. पट कमी भरला तर संचमान्यतेत तुमचं गणिताचं पद उडेल.”